‘पप्पा, वाचलं का?’

ताई,

मी नाशिकला सिडकोत राहतो. वय ५६. अंबडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून २८ वर्षं काढली. मणक्यात गॅप आली, लेथसमोर आठ तास उभं राहणं जमेना, म्हणून गेल्या वर्षी हिशेब घेतला आणि घरी बसलो. बायको डबे करते, रोजचे बावीस. मुलगी मराठी घेऊन एम.ए. करते.

दिवाळीला तिनं माझ्या उशाशी एक पातळ पुस्तक ठेवलं. काफ्का नावाच्या लेखकाच्या ‘मेटामॉर्फसिस’चा मराठी अनुवाद. मी त्याच रात्री वाचून काढलं. कमावता मुलगा सकाळी उठतो तर किडा झालेला. घरच्यांना त्याचं बोलणं कळत नाही. मग त्याला खोलीत कोंडतात, शेवटी तो मरतो आणि घरचे मोकळे होऊन फिरायला जातात. वाचून झोप लागली नाही. मुलीनं हे मला का दिलं? ती मला किडा समजते का? चार दिवसांनी तिनं विचारलं, ‘पप्पा, वाचलं का?’ मी म्हणालो, ‘नाही अजून.’ त्याला आता तीन आठवडे झाले. आमच्यात ‘जेवले का’, ‘गोळी घेतली का’ एवढंच बोलणं आहे.

सकाळी ती कॉलेजला जाईपर्यंत मी खोलीतून बाहेर येत नाही, तिच्या घाईत माझी अडचण नको. रात्री मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. मी पाणी प्यायला गेलो की मिक्सर सुरू होतो. परवा भिंतीआडून ऐकलं, ती म्हणत होती, ‘पुढचा फॉर्म नाही भरत, नोकरी बघते.’ मी काही बोललो नाही. तिच्यासाठी पोस्टात मी एक आरडी चालवत होतो, घरात कोणाला माहीत नाही. लग्नाला होईल म्हणून ठेवली आहे.

तो किडा मेल्यावर घर सुखी झालं, हे वाचून वाटलं, बरोबरच आहे. अशा गोष्टी लोक का लिहितात, ज्यात कोणी कोणाचं ऐकतच नाही? आणि मी मुलीला काय विचारू?

— एक वाचक, नाशिक


भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रश्न तुम्ही शेवटी विचारलेत, पण मला सलत राहिली ती मधली एक ओळ. मुलीनं विचारलं, ‘वाचलं का?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘नाही अजून.’ ती तीन आठवडे समजतेय की पुस्तक तसंच पडलंय, पप्पांनी उघडलंसुद्धा नाही. तुम्ही तीन आठवडे समजताय की तिनं तुम्हाला किडा म्हटलं. दोघंही एकाच पुस्तकापाशी बसला आहात, मध्ये एक भिंत. म्हणून आधी पुस्तकाबद्दल बोलू. तुम्ही ते एका रात्रीत, दुखावलेल्या मनानं वाचलंत. तसं वाचलं की किडाच मोठा दिसतो आणि बाकीचं घर अंधारात जातं.

हे पुस्तक पहिल्यांदा छापलं जाणार होतं १९१५ साली. मुखपृष्ठावर चित्रकार किडा काढेल की काय, या धास्तीनं काफ्कानं प्रकाशकाला पत्र लिहिलं. किड्याचं चित्र नको, लांबून दिसणारंसुद्धा नको, असं बजावलं. त्याऐवजी काय काढता येईल तेही सुचवलं: दिवा लागलेल्या खोलीत आईवडील आणि बहीण आहेत, शेजारच्या खोलीचं दार उघडं आहे आणि आत काळोख आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला गोष्टीत दिसत होतं ते दार. तुम्ही पत्रात तेच लिहिलंत, भाऊ. स्वयंपाकघरातला उजेड, हळू आवाज, आणि अलीकडे अंधारात उभे तुम्ही. किडा तुम्ही नंतर जोडलात.

आता त्या ग्रेगोरकडे, म्हणजे किडा झालेल्या त्या मुलाकडे, जरा सावकाश बघा. तो कापडाचा फिरता विक्रेता. पाच वर्षांपूर्वी बापाचा धंदा बुडाला, कर्ज झालं, ते फेडायला हा राबतोय. पहिल्या पहिल्यांदा त्यानं पैसे आणून टेबलावर ठेवले की घरात आनंद व्हायचा. मग सवय झाली. घेणारे आभार मानून घेत होते, देणारा खुशीनं देत होता, पण त्यातली ऊब गेली होती. हे सगळं तो किडा होण्याच्या आधीचं आहे. अजून एक बारीक गोष्ट तिथे आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. फिरतीच्या नोकरीत लॉजवर राहून राहून ग्रेगोरला सवय लागलेली असते, रात्री खोलीची दारं आतून लावून घ्यायची. स्वतःच्या घरातही. त्या सकाळी दारं आतूनच बंद असतात.

मला या गोष्टीत सगळ्यात खोल लागतं ते हेच. बोलणं त्या सकाळी तुटलं नाही. त्याआधी पाच वर्षं पगार हेच बोलणं होतं. ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ हे ग्रेगोर पैशातून म्हणत होता आणि घरचे ‘आम्हाला कळतं’ हे पैसे घेऊन म्हणत होते. पगार थांबला तेव्हा घरातली एकमेव भाषा थांबली.

तुम्ही २८ वर्षं फर्स्ट, सेकंड, नाइट अशा शिफ्टा केल्यात. सेकंड शिफ्टला तुम्ही घरी याल तेव्हा लेक झोपलेली, ती शाळेत जाईल तेव्हा तुम्ही झोपलेले. त्या सगळ्या वर्षांत तुम्ही तिच्याशी बोलत नव्हतात असं मी मुळीच म्हणणार नाही. दफ्तर, फी, तापातली औषधं, दिवाळीचा बोनस, त्यातून तुम्ही बोलत होतात. तिलाही ते कळत असणार. आता तेवढंच बोलणं बंद पडलं, आणि दुसरं बोलणं तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. ‘माझा उपयोग संपला’ असं जे तुम्हाला वाटतं, ते मला असं दिसतं: तुमची बोली संपली आहे, तुम्ही आहात तिथेच आहात.

काफ्काबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तुम्ही मशीनवरचा माणूस. हा लेखक पोटापाण्यासाठी प्राग शहरात कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरी करायचा, १९०८ ते १९२२. कारखान्यांत कोणाची बोटं तुटली, कोणाचा हात गेला, याची प्रकरणं त्याच्या टेबलावर यायची. १९१० च्या सुमाराला त्यानं लाकूड रंधायच्या मशीनवर एक अहवाल लिहिला. चौकोनी शाफ्टला पाती लावली की पाती आणि टेबल यांच्यात फट राहते आणि कामगाराचा हात त्यात जातो. गोल शाफ्ट बसवला तर ती फट फार कमी होते, हात वाचतो, आणि खर्चही वाढत नाही. सोबत त्यानं तुटलेल्या बोटांच्या हातांची चित्रं जोडली होती. तर शरीर मोडलं की माणसाची घरातली आणि मालकापुढची किंमत कशी बदलते, हे त्यानं रोज बघितलं होतं. १९१२ साली त्यानं ही कथा लिहिली तेव्हा तो ही नोकरी करतच होता. मणका गेलेल्या माणसाला हिणवायला अशा हातानं गोष्ट लिहिली असेल, असं मला वाटत नाही.

तुम्ही विचारलंत, ज्यात कोणी कोणाचं ऐकतच नाही अशा गोष्टी लोक का लिहितात. आपण नाशिकचे, तात्यासाहेब शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आपल्याला घरचं. तिथेही घरातल्या म्हाताऱ्याची परवड आहे. पण गणपतराव बेलवलकर दुःख मोठ्यानं बोलतात. त्यांच्या दुःखाला वाणी आहे, आणि घर नाही ऐकलं तरी थिएटर ऐकतं. काफ्काच्या गोष्टीत दुःखाची वाणीच जाते. ग्रेगोर दाराआडून बोलतो, त्याला स्वतःला ते स्वच्छ ऐकू येतं, आणि बाहेर उभा असलेला ऑफिसचा साहेब म्हणतो की हा तर जनावराचा आवाज आहे. असं दुःख असतं, भाऊ. ते बेलवलकरांसारखं बोलता येत नाही. तोंड उघडलं की भलतंच बाहेर येतं, ‘नाही अजून’ येतं. त्या दुःखाबद्दल लिहायचं तर गोष्ट सरळ चालत नाही, तिला विचित्रच व्हावं लागतं. लोक याला ॲब्सर्ड म्हणतात, विसंगत म्हणतात. मी फक्त एवढं म्हणेन की ज्यांना बोलता आलं नाही त्यांची बाजू या गोष्टींनी धरली.

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी तुम्हाला पुस्तक पुन्हा उघडायला सांगणार आहे. ग्रेगोरचं बोलणं घरच्यांना कळत नाही. त्यावरून ते धरून चालतात की आपलं बोलणंही त्याला कळत नसणार. बहिणीच्यासुद्धा मनात येत नाही की हा ऐकतोय, याला सगळं समजतंय. आणि तो तर दाराला अंग लावून एकेक शब्द ऐकत असतो.

हे माझ्या स्वतःच्या घरात झालं आहे. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर राऊंडला यायचे आणि तिच्या उशाशी उभे राहून माझ्याशी बोलायचे, ‘यांचं आता काही सांगता येत नाही.’ मी मान हलवायची. महिनाभरानं घरी आणल्यावर आम्ही भावंडं तिच्या कॉटभोवती बसून पंचवटीतलं जुनं घर विकायचं की ठेवायचं ते बोलत होतो. किती येतील, कोणाला किती. मी सहज तिच्याकडे पाहिलं. ती उताणी होती, डोळे छताकडे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून दोन्ही कानांत चाललं होतं. तिला सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी तिची मोठी मुलगी, शाळेत शिकवणारी, आणि माझ्या डोक्यात आलं नाही की जी बोलत नाही ती ऐकत असेल. मी तिच्या कानांतलं पाणी पदरानं टिपलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट तिच्याकडे तोंड करून बोलायला लागले. डाव्या हाताची दोन बोटं ती उचलायची, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घराबद्दल विचारलं तेव्हा तिनं दोन उचलली. आम्ही विकलं नाही.

म्हणून तुमचा मिक्सर मला फार ऐकू आला. तुम्ही बोलत नाही, म्हणून त्या दोघींना वाटतं तुम्हाला काही कळत नाही, किंवा कळू नये तेच बरं. तुमच्या मणक्याला जपतात तसं तुमच्या मनाला जपायला त्या मिक्सर लावतात. आणि तुम्ही अलीकडे उभे राहून सगळं ऐकता आणि ऐकलं नाही असं दाखवता. दोन्हीकडून मायाच आहे, पण ती पोचत कुठेच नाही.

त्या गोष्टीत एक चादर आहे, आठवतेय? बहीण खोलीत आली की तिला आपलं रूप बघून शिसारी येते, हे ग्रेगोरच्या लक्षात येतं. तो सोफ्याखाली लपायचा, पण थोडा भाग बाहेर दिसायचा. म्हणून तो पाठीवरून एक चादर ओढत ओढत सोफ्यापर्यंत नेतो आणि अशी टाकतो की तिला काहीच दिसू नये. त्याला या कामाला चार तास लागतात. बहिणीला त्रास नको म्हणून चार तास. तिला फक्त चादर दिसते.

तुम्ही सकाळी ती जाईपर्यंत खोलीत थांबता ना, ती ही चादर. तुम्ही समजता तिची सोय करतोय. तिला दिसत असेल बंद दार. पूर्वी शिफ्टमुळे भेटायचे नाहीत, आता घरात असून भेटत नाहीत, एवढंच तिला दिसत असेल. मला ठाम काही सांगता येणार नाही, मी तिच्याशी बोललेले नाही. पण एम.ए.ला साहित्य शिकणारी मुलगी बापाच्या उशाशी नेमकं हे पुस्तक ठेवते, तेव्हा ती स्वतःला यात कुठेतरी पाहत असणार असं माझं मन सांगतं. ती कदाचित स्वतःला ती बहीण समजत असेल. सुरुवातीला भावाला जीव लावणारी, त्याला काय आवडेल ते कळेना म्हणून वर्तमानपत्रावर शिळं-ताजं सगळं मांडून ठेवणारी, आणि पुढे थकून ‘याला घालवलंच पाहिजे’ म्हणणारी. तिला भीती वाटत असेल, आपण तशा होऊ का. किंवा तिला वाटत असेल ग्रेगोर आपणच, उद्या घर चालवायचं ओझं आपल्यावर, फॉर्म न भरता. तुम्ही पुस्तकात बापाकडे पाहिलंच नाहीत. तोही पाच वर्षं घरी बसलेला असतो, आणि मुलगा कमावेनासा झाल्यावर बँकेचा शिपाई होऊन गणवेश घालून ताठ उभा राहतो. किती जणांशी तुमची गाठ पडू शकते या घरात! तुम्ही एकालाच धरून बसलात.

तिनं सरळ तोंडानं का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. तुमचीच मुलगी आहे. तुम्ही मनातलं पैशातून बोललात, ती पुस्तकातून बोलतेय.

आता आरडी. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण माझ्या मते तुमच्या घरातली गाठ तिथे आहे. ग्रेगोरनं मनात ठरवलेलं असतं की बहिणीला संगीत शिकायला मोठ्या शाळेत पाठवायचं. खर्च कितीही होवो. नाताळच्या आदल्या रात्री सगळ्यांना सांगायचं. सांगायच्या आधी तो किडा होतो. दुसरीकडे बापानं धंदा बुडाला त्यातून थोडे पैसे वाचवून बाजूला ठेवलेले असतात, ज्या मुलाच्या कमाईवर घर चाललंय त्यालाच ते माहीत नसतात. ग्रेगोरला ते दाराआडून ऐकून कळतं. त्याला राग येत नाही, उलट बरं वाटतं. पण तेच पैसे आधी वापरले असते तर कर्ज लवकर फिटलं असतं आणि नोकरीतून सुटका झाली असती, हेही त्याला कळतं. दोन माणसांनी प्रेमापोटी दोन गोष्टी लपवल्या आणि दोन्ही कुजल्या.

तुमच्या घरात आत्ता तसंच चाललं आहे. मुलगी फॉर्म भरत नाही कारण घरात पैसे नाहीत असं तिला वाटतं. तुम्ही तिच्या नावानं पैसे ठेवलेत. ती तुम्हाला सांगत नाही, तुम्ही तिला सांगत नाही. फॉर्मची तारीख निघून जाईल, भाऊ. बाकीचं सगळं सावकाश बोला, हे सावकाश नको. लग्नाला ठेवली आहे म्हणता, तर ते तिलाच विचारा. पैसा तिच्यासाठी आहे, तिला आज काय हवंय ते तीच सांगेल. तिची आई रोज बावीस डबे भरते, तिलाही हे कळायला हवं, आणि ते तुमच्या तोंडून कळायला हवं.

नेमकं काय बोलायचं, ते मला दुसऱ्या एका गोष्टीवरून सांगता येईल. फ्रेंच लेखक आल्बेर कामूचं ‘गैरसमज’ या अर्थाच्या नावाचं एक नाटक आहे, १९४४ चं. वीस वर्षांनी मुलगा पैसा कमावून परत येतो. आई आणि बहीण एक खाणावळवजा लॉज चालवतात, आणि एकट्यानं येणाऱ्या पैसेवाल्या पाहुण्याला गुंगीचं देऊन नदीत टाकतात. मुलगा आपली ओळख देत नाही. पाहुणा म्हणून खोली घेतो. त्याला वाटतं, आधी त्यांना जरा बाहेरून बघू, योग्य शब्द सापडले की सांगू. त्याची बायको कळवळून सांगते की अरे, दारात उभा राहून ‘मी आलोय’ म्हण, एवढंच लागतं. तो ऐकत नाही. एकदा बहिणीच्या हातात त्याचा पासपोर्टसुद्धा येतो, तेवढ्यात म्हातारा नोकर आत येतो, आणि ती न वाचताच परत देते. त्या रात्री त्या दोघी त्याला मारतात. नाव कळतं ते नंतर.

कामूनं पुढे स्वतःच लिहिलं आहे की त्या माणसानं साधं ‘मी आहे, हे माझं नाव’ म्हटलं असतं तर सगळं वेगळं झालं असतं. कामूची आई जेमतेम ऐकू येणारी, निरक्षर, फार कमी बोलणारी होती. मला वाटतं, न बोललेल्या शब्दाची किंमत त्याला लहानपणापासून माहीत होती.

तुमचा ‘मी आहे’ फार छोटा आहे. ‘बेटा, मी पुस्तक वाचलं. त्याच रात्री वाचलं. तुला खोटं सांगितलं, कारण मला भीती वाटली की तू मला तो किडा समजतेस.’ एवढंच. याच्या पुढचं पाठ करून ठेवू नका. काफ्कानं १९१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आपल्या वडिलांना एक पत्र लिहिलं होतं, हातानं लिहिलेली शंभरावर पानं. जन्मभराचा हिशेब त्यात मांडला. पत्र त्यानं आईकडे दिलं, वडिलांना दे म्हणून. आईनं ते दिलं नाही, परत मुलाकडेच आलं. वडिलांनी ते कधी वाचलं नाही. सगळं नीट, पूर्ण, कुठेही चूक न होता सांगायला गेलं की असं होतं. तुमची तीन वाक्यं पुरेत, आणि ती तुम्ही स्वतः नेऊन द्या, तिच्या आईच्या हाती नको.

तिनं जर म्हटलं की ‘हो पप्पा, मला तसंच वाटलं, तुम्ही आमच्यातून निघून गेलात’? म्हणू शकते. लागेल तुम्हाला. तेव्हा खोलीत जाऊ नका, तिथेच बसून राहा. ती रडली तरी बसून राहा. तिनं राग काढला तर मी समजेन की दार उघडलं.

‘जेवले का’, ‘गोळी घेतली का’ याबद्दलही तुम्ही जरा कमीपणानं लिहिलंत. योनेस्को नावाच्या नाटककारानं १९५० मध्ये अशाच ठोकळेबाज वाक्यांचं एक नाटक केलं. त्याला ते सुचलं इंग्रजी शिकायच्या पुस्तकावरून, ज्यात लोक एकमेकांना सांगतात की छत वर आहे आणि जमीन खाली. त्यात एक जोडपं भेटतं, बोलता बोलता कळतं की आपण एकाच घरात राहतो, एकाच पलंगावर झोपतो, म्हणजे आपण नवराबायको असणार. त्याच्याकडे अशी वाक्यं पोकळ आहेत. आपल्याकडे ‘जेवले का’ पोकळ नसतं. आपल्या आज्यांनी आयुष्यभर ‘जेवलास का’ यातूनच सगळं विचारलं. तुमच्या लेकीचं ते वाक्य चालू आहे याचा अर्थ धागा तुटलेला नाही. फक्त ती विचारते तेव्हा ‘हो’ म्हणून थांबू नका. ‘जेवलो, तू?’ म्हणा. तिथून सुरू होतं.

एक गोष्ट मात्र मी बाजूला काढून सांगते. तुम्ही लिहिलंत की किडा मेल्यावर घर सुखी झालं ते बरोबरच वाटलं. हे मी पुस्तकाबद्दलचं मत म्हणून घेत नाही. आपण नसलो तर यांचं बरं होईल, असा विचार मनात येत असेल, झोप जात असेल, तर डॉक्टरकडे मणक्याबरोबर हेही सांगा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीसुद्धा फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आजच लावा, लेकीशी बोलायची वाट बघू नका. गोष्टीतलं ते घर ट्रॅमनं फिरायला जातं, ऊन पडलेलं असतं, मुलगी अंग ताणून उभी राहते, आईबाप तिच्या लग्नाचा विचार करतात. मला तो शेवट कधीच सुखाचा वाटला नाही. त्या तिघांना त्या उन्हात आठवतसुद्धा नाही की त्यांच्यासाठी कोणी चार तास चादर ओढली होती. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. ती चादर तुम्ही असताना, तुमच्या हातानं काढायची आहे.

कधी बोलायचं ते सांगते. समोरासमोर खुर्च्या टाकून नको, तसं आपल्याकडे फक्त स्थळ बघायला बसतात. थंडी पडली आहे, बाजारात मेथी-मटार भरपूर आहे, आणि बावीस डब्यांची भाजी तुमच्याच घरात निवडली जाते. संध्याकाळी मायलेकी निवडायला बसतील तेव्हा एक जुडी तुम्ही ओढून घ्या. मिक्सर सुरू व्हायच्या आत. हात कामात असले आणि नजर पानांवर असली की कठीण वाक्य सोपं निघतं. पुस्तक सोबत घेऊन या, त्या चादरीच्या पानाचा कोपरा दुमडून. फार बोलता नाही आलं तर ते पान तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘हे बघ.’ ती मराठी शिकते, तिला वाचता येईल.

आणि जमिनीवर बसू नका, मणका दुखेल. स्टूल घ्या, पाठ भिंतीला टेकवा.

— तुमची ताई